डुकरिणीच्या सिनेमाला कोण येतं?

फिरत्या टॉकीजचा तंबू उखडला की खांबांचे खड्डे बुजवून द्यावे लागतात. ग्रामपंचायतीचा तसा दंडकच असतो. खड्डे बुजतात, पण त्या खड्ड्यांभोवती घडलेलं काही बुजत नाही. ते आपल्यासोबत ट्रकमध्ये चढतं आणि पुढच्या गावी आपल्याआधी उतरतं. मित्र भेटले की म्हणतात, "सांग ना बे, वरवट बकालचा तो डुकराचा किस्सा!" मी विचारतो, "कोणता? तिथं तर सगळं डुकराचंच झालं होतं!"

तर सांगतो.

आधी माझं. इंटर सायन्स अर्ध्यावर सोडलं. का सोडलं, हे वडिलांना अजून कळलेलं नाही, आणि त्यांनी विचारलेलंही नाही. ते बुलढाण्याला कचेरीत कारकून. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही, सांगायची आहे. मी खामगावच्या होस्टेलातून ट्रंक उचलली ती थेट भाऊसाहेबांच्या फिरत्या टॉकीजात आणून टेकवली. काम काय, तर दिवसा बैलगाडीवर भोंगा लावून पुकारा करायचा, संध्याकाळी तिकिटं फाडायची, आणि खेळ सुरू झाला की माइकवर सिनेमा समजावून सांगायचा. हे शेवटचं काम शहरातल्या लोकांना ठाऊक नसतं. आमच्याकडे हिंदी सिनेमासुद्धा मधूनमधून वऱ्हाडीत द्यावा लागतो. "हा जो आता आला, तो पहिल्याचा सावत्र भाऊ हाय. याच्यावर ध्यान ठेवा!"

त्या हिवाळ्यात एजंटानं डाकूंच्या सिनेमाऐवजी रिळांची भलतीच पेटी पाठवली. शेगाव स्टेशनावरून आणली, उघडली, तर आत हातानं काढलेल्या चित्रांचा सिनेमा! कुठल्या तरी थंड देशातला. गाणं नाही, मारामारी नाही, कोणी एक अक्षर बोलत नाही. एक रानडुकराचं जोडपं, त्यांची अंगावर पट्टे असलेली पिल्लं, आणि बंदूक घेऊन मागं लागलेला एक शेतकरी. नर मध्येच मरतो. मग डुकरीण पिल्लांना घेऊन नदीपलीकडच्या जंगलाकडे निघते. बस, इतकीच गोष्ट.

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "डुकराईच्या पायी इथली लोकं रातभर वावरात जागल करतात. अन् त्याईले आपन तिकीट लावून डुकरंच दाखवाचे?"

पण मी आणि आमचा ऑपरेटर रहीमचाचा, दोघांनी प्रिंट तपासताना तो पाहिला होता. डुकरीण पाऊल टाकायच्या आधी थांबते, नाक वर करते, एक कान मागं फिरवते. नुसता कान! मी फिल्म कंदिलासमोर धरून पाहिली. प्रत्येक चौकटीत कान केसाएवढा सरकलेला. म्हणजे कोणीतरी बसून एका कानाची एवढी चित्रं काढली! कोण असेल तो? त्याला एवढी सवड कोणी दिली? आणि हे करायला बसला तेव्हा त्याचा बाप त्याला काय म्हणाला असेल?

"भाऊसाहेब, पेटी परत पाठवू नका," मी म्हटलं.

"बाजाराच्या दिवसापर्यंत लावतो," ते म्हणाले. "त्या दिवशी तंबू भरला तं पेटी पुढच्या गावाले आपल्यासंगं. नाई भरला तं शेगावच्या गाडीत. मंग माह्याशी वाद घालाचा नाई."

एकदा परत गेली की ती पेटी या मुलखात पुन्हा कोणी मागवणार नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

*

पहिल्या दिवशी पुकाऱ्याला निघालो तेव्हा भाऊसाहेबांनी दम भरला, "डुक्कर हा शब्द तोंडातून काढशीन तं याद राख!"

मग मी भोंग्यावरून गल्लोगल्ली ओरडलो, "या! पाहा! विधवा आईची हृदयद्रावक कहाणी! सहकुटुंब पाहा!" यात खोटं काय होतं, सांगा.

बायकांची बाजू गच्च भरली. पदराची टोकं हातात धरून तयारीतच बसलेल्या. पुरुषांच्या बाजूला चार म्हातारे आणि एक कुत्रं. दिवे गेले, पडद्यावर डुकरीण आली.

"हे कोन?" अंधारातून आवाज.

मी माइकवर म्हटलं, "हीच आई."

मला वाटलं, आता चपला येतात.

"अन् सासू?" दुसरा आवाज.

"यात सासू नाही."

थोडा वेळ कुजबुज झाली. मग एका बाईनं निकाल दिला, "बसा गं बायांनो! सासू नाई म्हनते. म्हंजे सुखाचाच सिनेमा असन!"

*

आमच्याकडे नवा सिनेमा लागला की पडद्यासमोर नारळ फुटल्याशिवाय जनरेटर सुरू होत नाही. तो मान गावच्या पुजारीबुवांचा. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच न विचारता नारळ फोडला, दक्षिणा घेतली आणि गेले. सिनेमा पाहणं त्यांना कमीपणाचं वाटे. वडीलधाऱ्यांचं हे मला फार आवडतं. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल त्यांचं मत पक्कं असतं!

दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं. बुवा तरातरा आले आणि जनरेटरला पाठ लावून उभे राहिले. "माह्या हातानं डुकरासमोर नारळ फोडून घेतला! आज खेळ होनार नाई!"

भाऊसाहेब हात जोडताहेत, लोक खोळंबले आहेत. एवढ्यात बायकांच्या कनातीतून बुवांच्या मंडळी बाहेर आल्या. त्यांनी आदल्या दिवशीच सिनेमा पाहिला होता.

"अहो, जरा दशावतार म्हना बरं."

"आता? इथं?"

"म्हना तं."

बुवांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मत्स्य... कूर्म..." आणि तिसरं बोट धरून थांबले. दोन अवतार झाले आणि गाडी रुळावरून घसरली. सगळा तंबू त्या तिसऱ्या बोटाकडे पाहू लागला.

"म्हना ना पुढचा," बाई म्हणाल्या.

बुवा जनरेटरपासून हळूच बाजूला झाले. माझ्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "का रे, यात ते दातावर पृथ्वी उचलते का?"

"नाही बुवा. पिल्लू उचलते."

त्यांनी क्षणभर विचार केला. "चालन," म्हणाले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

*

तिसऱ्या दिवशी शाळा आली. हेडमास्तरांनी आधी मला बाजूला घेऊन विचारलं, "यातून मुलांना बोध काय मिळेल?"

मी म्हटलं, "गुरुजी, आधी पाहू तर द्या."

हा मुलगा वाया गेलेला आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. पोरं रांगेनं बसली, गुरुजी छडी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. पहिलं रीळ संपायच्या आत गुरुजींची मान छातीवर. पोरं मात्र अशी गप्प, की जनरेटरची धडधड ऐकू यावी. पिल्लं घाबरली की जागीच गोठतात, पाचोळ्यासारखी दिसेनाशी होतात. तेव्हा पोरंसुद्धा श्वास धरून बसलेली. वर्गात कधी बसली असतील का तशी?

दिवे लागले तसे गुरुजी खडबडून उठले आणि थेट माइकपाशी आले. "शांतता! आता सांगा, या चित्रपटाचं तात्पर्य काय? हं, तू सांग."

पुढची एक मुलगी उठली. दोन वेण्या, लाल रिबिनी. "गुरुजी, तात्पर्य मधात येऊन गेलं. तुमी घोरत व्हते तवा!"

माइक सुरूच होता. अख्ख्या गावानं ऐकलं.

*

आमच्या तंबूत पहिल्या रांगेच्या मधोमध पाटलांची खुर्ची असते. पाटील येवोत न येवोत, खुर्ची लागते. या वेळी पाटलांनी निरोप पाठवला, "डुकराच्या सिनेमाले माही खुर्ची लावाची नाई. बेइज्जती हाय."

बरं, नाही लावली.

पण आमचा पडदा कापडी. त्याच्या मागं उघडं मैदान. मागून पाहिलं तरी सिनेमा दिसतो, फक्त उलटा. डावं ते उजवं, उजवं ते डावं. ज्यांना तिकीट काढायचं नसतं किंवा दिसायचं नसतं, ते घोंगडी पांघरून मागं बसतात. आम्हीही तिकडे फार लक्ष देत नाही.

एका सकाळी चहाच्या हॉटेलात सिनेमाची चर्चा चाललेली. डुकरिणीचा पाय दगडात अडकून लंगडा होतो, ते दाखवताना चितारणाऱ्यानं काय कमाल केली आहे, असं न्हावी सांगत होता. "पुढचा डावा पाय ते असा उचलते, पाहा, अस्सा!" आणि त्यानं लंगडून दाखवलं.

कोपऱ्यातून पाटील कडाडले, "डावा नाई बे! उजवा!"

"डावाच पाटील."

"अरे, उजवा म्हनतो ना मी! माह्या डोयानं पाह्यला!"

हॉटेलात बशीत फुंकर मारणारे सगळे थांबले. पाटलांच्याही लक्षात आलं, पण शब्द सुटून गेले होते.

न्हावी लंगडायचा थांबला आणि अगदी काळजीनं म्हणाला, "पाटील, पडद्याच्या मांगं थंडी लय वाजत असन, नाई?"

संध्याकाळी निरोप आला. खुर्ची लावा. मधोमधच.

*

आमच्याकडे प्रोजेक्टर एकच. एक रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं चढवायचं. तोवर लोक विड्या पेटवतात आणि पुढं काय होईल त्यावर भांडतात. रहीमचाचांचा हात यात इतका बसलेला, की ते डब्यावरचा आकडाही पाहत नसत. त्या दिवशी त्यांना ताप होता. नर मरतो ते रीळ झालं, दिवे लागले, बायका डोळे पुसताहेत, आणि चाचांनी पुढच्याऐवजी मागचंच रीळ चढवलं.

पडद्यावर नर उभा! बायकोच्या पाठीला पाठ घासतोय!

मी माइक हातात घेऊन गार. काय सांगू? पण मला काही सांगावंच लागलं नाही. तंबूत अशी एक आरोळी उठली, की बाहेरचे बैल उधळले. "जित्ता झाला! जित्ता झाला!" एक म्हातारी उभी राहून पडद्याला ओवाळायला लागली. खेळ संपल्यावर लोक चाचांचा हात हातात घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी चाचांचा ताप उतरला. रिळं बरोबर लागली. नर मेला तो मेलाच. आणि तंबूत दंगा!

"काल जित्ता झाला व्हता, आज काऊन नाई?"

"आमी पाव्हने घेऊन आलो हे दाखवाले!"

"कालचा सिनेमा लावा!"

तेव्हापासून चाचा रोज प्रोजेक्टरशी बसले की मला हाक मारायचे. "अरे बेटा, आज कैसा? बरोबर लावू का अच्छा लावू?"

*

बाजाराच्या आदल्या दिवशीची गोष्ट. कापूस वेचणाऱ्या बाया दिवसभराचं काम आटोपून आलेल्या, पाठीला अजून बोंडांच्या काड्या चिकटलेल्या. पडद्यावर पांढरं शेत पसरलं, तशी एक जण हळहळली, "बाई, एवढा कापूस फुटला अन् येचाले कोनीच नाई!"

मी माइकवर सांगितलं, "तो कापूस नाही, मावशी. बर्फ आहे. थंडीनं आभाळातून पडतो. शेत त्याच्याखाली गाडलं गेलं आहे."

"सगळं?"

"सगळं."

"म्हंजे वावरात पीक नाई?"

"नाही."

पडद्यावर शेतकरी बंदूक खांद्याला लावून डुकरिणीचा माग काढत चाललेला. मग तिनं विचारलं, "मंग डुकरीननं याचं खाल्लं काय? पीकच नाई तं हा बंदूक घेऊन काऊन फिरून राह्यला?"

हा सिनेमा मी इतक्यांदा पाहिला होता, आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. दिवे लागले तसा मी चाचांकडे पाहिलं, चाचांनी भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब तिकिटाच्या खिडकीत डोकं धरून बसले होते.

"खरंच रे," ते म्हणाले, "काऊन फिरत असन तो?"

त्या सिनेमाबद्दल भाऊसाहेबांनी विचारलेली ही पहिली गोष्ट. मला उगीच बरं वाटलं. तेवढ्यात ते भानावर आले. "पन उद्या बाजार हाय, ध्यानात ठेव. बाया आल्या, लेकरं आले, बरोबर. बाप्ये कुठं हायेत? एक बाजू रिकामी असली तं त्याले तंबू भरला म्हनत नाई. परवा सकायी गाडी शेगावले जाईन, पेटी घेऊन."

बाप्ये कुठं असणार? ज्वारी कणसावर आलेली. सातपुड्याकडून रानडुकरांचे कळप उतरत होते, आणि बाप्ये त्यांच्याच पायी वावरात मचाणावर बसलेले! डुकरांमुळे डुकरांचा सिनेमा पडत होता.

*

बाजाराच्या दिवशी मी भाऊसाहेबांना न विचारता भोंगा घेतला आणि बाजाराच्या मधोमध गाडी उभी केली. "जागलीवाल्यांनो, ऐका! ज्या डुकरिनीले तुमी रोज रातच्या अंधारात गोटे मारता, तिले आज उजेडात पाहा! ते कसी चालते, कसी पयते, तिच्या घरी कोन कोन हाय, सगळं पाहा!"

भाऊसाहेब धावत आले. "अबे, तो शब्द बोलू नको म्हनलं व्हतं ना!"

"आता काय लपवायचं राहिलं, भाऊसाहेब?"

दिवेलागणीला ते आले. एकटेदुकटे नाही, चाळीस-पन्नास जण, तसेच वावराच्या वाटेवरून. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि प्रत्येकाजवळ डुकरं हाकलायचा पत्र्याचा डबा. पुढं नामदेवआबा. मिशा पांढऱ्या, आवाज असा की मैलावरून ऐकू यावा. गेल्या हप्त्यात त्यांची अर्धी ज्वारी डुकरांनी लोळवलेली.

"घडीभर पाहू," आबा म्हणाले. "मंग वावरात जाऊ."

पुरुषांची बाजू भरली. पाटलांच्या खुर्चीच्या दोन्ही अंगांना लोक बसले. भाऊसाहेब कनात वर करून पाहून गेले, पण पेटीचा निकाल राखून ठेवला. भरलेला तंबू अर्ध्यात शिव्या देत उठलेलाही त्यांनी पाहिलेला आहे.

खेळ सुरू झाला. मी माइक घेतला, पण मला कोणी बोलूच देईना.

"पाह्य, वारा पाहून निंघाली!"

"पिल्लं मधात घेतले. हाव, असंच घेते ते."

"पयते बी तसीच. मांगच्या साली माह्या तुरीतून असीच पयाली व्हती."

मग आबा शेजाऱ्याला म्हणाले, "हे चित्रं ज्यानं काढले ना, त्यानं जागल केलेली हाय. घरात बसून हे येत नाई."

मी माइक बंद करून खाली ठेवला.

शेवटचं रीळ लागलं. डुकरीण नदीवर आली. दोन पिल्लं पार झाली, एक अलीकडेच राहिलं. ती परत फिरली. झाडामागं शेतकऱ्यानं गुडघा टेकला, बंदूक खांद्याला लावली. ती नदीत मधोमध उभी. तंबूत विडीचा जाळसुद्धा हलेना.

आबा ताडकन उभे राहिले. डबा वर धरला आणि काठी हाणली. "हाऽऽऽ! हुर्रर्र! हाऽऽऽ!"

क्षणात सगळे डबे! चाळीस-पन्नास डबे, चाळीस-पन्नास गळे, "हाऽऽऽ! हुर्रर्र!" कनात थरथरायला लागली. बायका कानावर हात ठेवून ओरडताहेत, पोरं खांबांवर चढलेली. भाऊसाहेब आत धावले, "दंगा झाला! दिवे लावा!" मी त्यांचं मनगट धरलं.

पडद्यावर डुकरिणीनं उरलेलं पिल्लू दातात उचललं आणि पाणी तुडवत पलीकडच्या झाडीत घुसली.

डबे थांबले.

"गेली," आबा म्हणाले.

"गेली, गेली," मागच्या रांगांतून आवाज आले.

सिनेमा अजून थोडा बाकी होता. पण आबांनी घोंगडी खांद्यावर टाकली, डबा उचलला आणि निघाले. त्यांच्यामागं सगळे जागलीवाले. भाऊसाहेब दारात आडवे झाले, तोंड उतरलेलं.

"काऊन हो आबा? नाई आवडला?"

"उद्या हाय ना हा?"

भाऊसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "हाय," म्हणाले. "उद्याबी हाय."

"मंग उरलेला उद्या पाहू," आबा चालता चालता म्हणाले. "आता वावरात जातो. डुकरीन नदी पार झाली ना. आता इकडंच येईन."